वनस्पतिरंगांचा छपाई-संच: चौकट उत्तम, पुस्तिका अपुरी

वनस्पतींच्या रसाने कागद रंगवून त्यावर उन्हाच्या साहाय्याने चित्र उमटवण्याचा, म्हणजेच अँथोटाइपचा, एक घरगुती संच अलीकडे ऑनलाइन मागवला. किंमत बाराशे रुपये. सुती लगद्याचे जाड कागद, रुंद मऊ कुंचला, हळदीची व पालकाची पूड, काही पारदर्शक चित्रपत्रे, काच बसवलेली लाकडी चौकट आणि एक छोटी पुस्तिका एवढे साहित्य त्यात येते. विक्रेत्याचे नाव मुद्दाम देत नाही; याच धर्तीचा दुसरा एखादा संच घेणाऱ्यालाही पुढील गुणदोष उपयोगी पडावेत.

सर्वांत उजवी वस्तू म्हणजे चौकट. तिच्या मागची फळी दोन भागांत कापून बिजागरीने जोडलेली आहे, त्यामुळे अर्धी फळी उघडून कागदाची कड हलकेच उचलून पाहता येते आणि उरलेला अर्धा भाग काचेशी घट्ट दाबलेला राहत असल्याने चित्र जागचे हलत नाही. या छपाईत घड्याळाचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ही सोय महत्त्वाची. कडक उन्हाळ्यात हळदीचा कागद काही तासांत तयार होतो. पालकाला मात्र कित्येक दिवस, ढगाळ हवेत तर आठवडेही लागतात. वाळवून चपटे केलेले पिंपळपान चौकटीत ठेवले, तेव्हा फिक्या कागदावर पानाची पिवळी आकृती देठापासून लांब टोकापर्यंत स्पष्ट उतरली. ताजे पान मात्र ठेवू नये, त्यातील ओल काचेवर धरते आणि कागदावर डाग पडतात.

पुस्तिकेबद्दल मात्र असे समाधान व्यक्त करता येत नाही. या छपाईत ऊन रंग चढवत नाही, उडवते. हळदीचे डाग पडलेला पांढरा कपडा उन्हात वाळत घातला की डाग फिके होतात, हे ज्या घरात ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच, आणि या छपाईमागचे तत्त्व नेमके तेच आहे. प्रकाशापासून झाकलेला भाग गडद राहत असल्यामुळे स्वतःचे छायाचित्र छापायचे असल्यास पारदर्शक पत्रावर त्याची सरळ प्रत, म्हणजे पॉझिटिव्ह, काढून घ्यावी लागते. संचातील तयार चित्रे तशी आहेतही, परंतु पुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही. सायनोटाइपची, म्हणजे लोहक्षारांवरील निळ्या छपाईची, सवय असलेला ग्राहक सहज निगेटिव्ह, म्हणजे उलटी प्रत, वापरेल आणि काळे-पांढरे उलट झालेला चेहरा त्याच्या हाती येईल.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. हळद पाण्यात कालवून लावावी, असे पुस्तिका सांगते. हळदीतला कर्क्युमिन हा रंगद्रव्याचा घटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; त्यामुळे कागदावर रवाळ, पट्टेदार थर बसतो. औषधांच्या दुकानातील सर्जिकल स्पिरिटमध्ये हळद भिजवून ती दाट फडक्यातून गाळली आणि तो अर्क अंधाऱ्या खोलीत दोन थरांत चढवला, तर रंग एकसारखा बसतो. स्पिरिट ज्वलनशील असल्याने हे काम शेगडीपासून दूर आणि खिडकी उघडी ठेवूनच करावे. छपाईनंतर कागद टंकणखाराच्या पातळ द्रावणात बुडवला की उरलेला पिवळा रंग तांबूस-तपकिरी होऊन चित्र उठून दिसते. हळदीपासून कुंकू करणाऱ्यांना हा पालट नवा नाही. एवढ्या किमतीत टंकणखाराची एक पुडी द्यायला हरकत नव्हती.

पालकाची पूड निव्वळ जागा अडवते. बाजारातला ताजा पालक वाटून स्पिरिटमध्ये काढलेला अर्क तिच्यापेक्षा कितीतरी हिरवा निघतो.

खोक्यावर छापलेला ‘कायमस्वरूपी चित्रे’ हा दावा तर सरळसरळ चुकीचा आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 साली फुलापानांच्या रसांवरील आपले प्रयोग लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. सायनोटाइपचा जन्मही त्याच वर्षीचा आणि त्यांच्याच हातचा. चांदीच्या क्षारांवरील चित्रे पक्की करण्यासाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) या रसायनाचा मार्ग दाखवणाऱ्या या शास्त्रज्ञालाही वनस्पतिरंगांवरचे चित्र पक्के करण्याचा उपाय काही गवसला नाही. जे ऊन चित्र घडवते तेच ते पुढे पुसत जाते. म्हणून असे चित्र भिंतीवर टांगू नये, वहीत किंवा बंद पेटीत ठेवावे आणि आठवण म्हणून त्याचे स्कॅन करून घ्यावे. ही गोष्ट खोक्यावर स्पष्ट छापली असती तर विक्री घटली असती असे वाटत नाही. ज्यांना हा छंद लागतो, त्यांना या चित्रांचे अल्पायुष्यही आवडते.

पूर्ण संचाला पाचपैकी अडीच गुण देईन, चौकटीला मात्र साडेचार. हाच विक्रेता ती सुटी सातशे रुपयांना देतो. तेवढीच मागवावी, जाड कागद चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानातून घ्यावा आणि हळद स्वयंपाकघरातली चालते.