एक्सएसएलटी : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या अ‍ॅप्लिकेशनला येणारी माहिती दोन प्रकारची आहे. एक, लांबलचक नियमावल्या, एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या मजकुरात. दुसरी, साध्या नोंदींचे तक्ते. दोन्ही पानावर दाखवण्यासाठी आम्ही एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं एचटीएमएलसारख्या रूपात रूपांतर करणारी भाषा, वापरायला घेतली आणि ती चालवणारं सॅक्सन हे सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवलं.

नियमावल्यांसाठी याच्या तोडीचं मला दुसरं काही सापडलेलं नाही. परिच्छेदात तळटीप, तळटिपेत दुवा, दुव्यात तिरपा शब्द. कशाच्या आत काय येईल, हे आधी सांगताच येत नाही. जेसन (नोंदी साठवण्याचं साधं स्वरूप) आणि टेम्प्लेट घेऊन हे करायचं, तर प्रत्येक शक्यतेसाठी स्वतः रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारा कोड, लिहावं लागतं. इथे प्रत्येक टॅगचा छोटा नियम लिहायचा आणि ‘अप्लाय-टेम्प्लेट्स’ म्हणून आतलं सगळं त्या-त्या टॅगच्या नियमावर सोडून द्यायचं. मध्यंतरी नवा टॅग आला, तेव्हा एक नियम वाढवला. जुन्या ओळींना हातही लावावा लागला नाही. शिवाय आउटपुट झाडाच्या रूपात तयार होतं, त्यामुळे मजकुरातलं ‘लेस दॅन’ चिन्ह आपोआप एस्केप होतं, म्हणजे टॅग न समजता साधं अक्षर म्हणून दिसतं. जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग जोडून एचटीएमएल बनवताना ही काळजी आपल्यालाच घ्यावी लागते, आणि एके ठिकाणी विसरलं तरी एक्सएसएसला (पानात परका कोड घुसवण्याच्या हल्ल्याला) दार उघडं.

त्रास नेमस्पेसचा, म्हणजे टॅग कोणत्या संचातला हे सांगणाऱ्या ओळखीचा. मूळ फाइलमध्ये डिफॉल्ट नेमस्पेस असेल, तर नुसत्या नावाचा एक्सपाथ (टॅग शोधण्यासाठी लिहायचा पत्ता) काहीच पकडत नाही. एररही येत नाही. बिल्ट-इन नियम चालतात आणि पानावर टॅग गळून गेलेला सलग मजकूर उमटतो. असं दिसलं की आधी नेमस्पेस तपासा. एक्सएसएलटीच्या २.० आवृत्तीपासून ‘एक्सपाथ-डिफॉल्ट-नेमस्पेस’ हा अ‍ॅट्रिब्यूट आहे, तो स्टाइलशीटच्या (नियमांच्या फाइलच्या) वरच लिहून टाकावा.

आवृत्ती मात्र नीट बघून घ्या. १९९९ च्या १.० मध्ये ग्रुपिंगसाठी (सारख्या नोंदींचे गट करण्यासाठी) ‘की’ ही सूची वापरून म्युंखियन नावाच्या पद्धतीची कसरत करावी लागते. २००७ च्या २.० मध्ये ‘फॉर-ईच-ग्रुप’ आलं आणि तेच काम दोन-चार ओळींत होऊ लागलं. ब्राउझर १.० च्या पुढे कधी गेलेच नाहीत. त्यात क्रोमने २०२५ मध्ये आपल्यातला एक्सएसएलटीचा आधार काढून टाकण्याची योजना जाहीर केली. नव्या कामात ब्राउझरच्या भरवशावर स्टाइलशीट पाठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राउझरमध्येच हवं असेल तर सॅक्सन-जेएस ही जावास्क्रिप्ट लायब्ररी एक्सएसएलटी ३.० चालवते, पण ती पानाबरोबर उतरवावी लागते.

तक्त्यांसाठी आम्ही एक्सएसएलटी सोडलं. वापरणाऱ्याला कॉलमवर क्लिक करून क्रम बदलायचा असतो, गाळून बघायचं असतं. दर वेळी सर्व्हरकडून तयार एचटीएमएल मागवण्यापेक्षा जेसन एकदाच पाठवून जावास्क्रिप्ट कंपोनंटने तक्ता काढणं कितीतरी सुटसुटीत पडतं. ठरलेल्या चौकटीच्या नोंदींना नियम जुळवणाऱ्या भाषेची गरजच नसते.

स्टाइलशीट एकदाच कंपाइल करून मेमरीत ठेवा. प्रत्येक विनंतीला ती नव्याने वाचली, तर मोठ्या नियमावलीचं पान उघडताना रेंगाळणं लगेच जाणवतं.