चुकून आलेला मोबाईल परत करायला गेलो आणि ६१ हजार गेले

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी पार्सल आलं. आम्ही मिक्सर मागवला होता, २,८९९ रुपयांचा, पैसे आधीच भरलेले. खोका हातात घेतला तेव्हाच हलका लागला. वर चिठ्ठी माझ्याच नावाची, पत्ता आमचाच. आत मात्र मोबाईलचा सीलबंद डबा आणि त्याबरोबर पुण्यातल्या कुणा दुसऱ्याच माणसाच्या नावाचं बिल. किंमत ३४,९९९ रुपये. गोदामात दोन खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार, एवढं माझ्या लगेच लक्षात आलं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. माल चुकीच्या गठ्ठ्यात जाणं म्हणजे काय, हे रोज बघतो.

शेजारचा मुलगा आला होता. तो म्हणाला, "काका, ठेवून घ्या. चूक कंपनीची आहे. अमेरिकेत तर कायदाच आहे, न मागवलेली वस्तू आली की ती आपलीच." मी त्याला गप्प केलं.

इथे जरा मागचं सांगतो, कारण पुढची घाई त्यातूनच झाली. अक्काच्या लग्नाचा बस्ता आम्ही चाटी गल्लीतून बांधला होता. घरी येऊन गठ्ठा सोडला तर एक साडी जास्तीची निघाली, घडीत घडी अडकून आलेली. अप्पा तेव्हा साखर पेठेतल्या कारखान्यात मागावर होते, आठवड्याच्या हप्त्यावर घर चालायचं. ती साडी त्यांनी रात्रभर उशाशी ठेवली आणि सकाळी पाळीला जायच्या आधी सायकलवर जाऊन दुकान उघडायची वाट बघत पायरीवर बसले. मालकाच्या हातात साडी दिली, मगच कामावर गेले. त्या दिवशी त्यांचा अर्धा रोज कापला गेला. आमच्या घरात ही गोष्ट शंभर वेळा सांगितली गेली आहे. दुसऱ्याची वस्तू घरात रात्रभर राहिली तरी जिवाला लागते, असं आमचं वळण.

पण अप्पांना जायला दुकान होतं. गादीवर माणूस बसलेला होता. मला कुठे जायचं तेच कळेना. ॲपमध्ये "वस्तू पोहोचली" असं मिक्सरपुढे लिहून आलं होतं. परत करायचं बटण होतं, पण ते मिक्सर परत करायचं. मला वाटलं, हे दाबलं तर मिक्सर परत केल्याची नोंद होईल आणि मोबाईल आपल्या गळ्यात राहील. माणसाशी बोलावं म्हणून मी मोबाईलवर कंपनीचं नाव आणि पुढे "कस्टमर केअर नंबर सोलापूर" असं टाकून शोधलं. अगदी वरच एक नंबर आला, कंपनीच्या चिन्हासकट. तो मी लावला. सगळी चूक या एका जागी झाली. पुढचं सगळं त्या चुकीचं शेपूट आहे.

पलीकडचा माणूस आधी हिंदीत बोलला, मग मराठीत आला. आवाज शांत, "सर, सर" करणारा. त्याने ऑर्डर नंबर विचारला, मी दिला. काय आलं ते विचारलं, मी डब्यावरचं मॉडेल वाचून दाखवलं, बिलावरची किंमतही सांगितली. आता विचार करतो तेव्हा कळतं की त्याला स्वतःला काहीच माहीत नव्हतं. जे मी सांगत होतो तेच तो दोन मिनिटांनी मला "आमच्या सिस्टीममध्ये दिसतंय" म्हणून परत ऐकवत होता.

मग त्याचा सूर बदलला. ज्यांचा मोबाईल आहे त्यांनी तक्रार केली आहे, तुमच्या नावावर ३४,९९९ रुपये येणे दिसतंय, २४ तासांत वस्तू परत नोंदवली नाही तर चोरीची केस होईल, म्हणाला. माझी थोरली बी. फार्मसीला आहे. तिच्या फीसाठी साठवलेले पैसे खात्यात, आणि घरात दुसऱ्याचा महागडा मोबाईल. "केस" हा शब्द ऐकून माझा घसा कोरडा पडला. मी म्हटलं, साहेब, मीच तर परत द्यायला फोन केलाय. तो लगेच मऊ झाला. "म्हणूनच तर तुम्हाला मदत करतोय सर. पिकअप बुक करायला फक्त पाच रुपये लागतील. फॉर्म पाठवतो."

व्हॉट्सॲपवर एक फाइल आली. नाव होतं "रिटर्न फॉर्म", शेवटी एपीके, म्हणजे उघडली की मोबाईलवर ॲप बसवणारी फाइल. ती उघडताना मोबाईलने इशारा दिला, ही फाइल धोकादायक असू शकते. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "नवीन फॉर्म आहे सर, सगळ्यांना येतं तसं. खाली 'तरीही इंस्टॉल करा' आहे, ते दाबा." दाबलं. मग त्या फॉर्मने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली. नाव, पत्ता, ऑर्डर नंबर, आणि पाच रुपयांसाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. मी स्वतःच्या हाताने भरलं. पडद्यावर एक चाक फिरत राहिलं. "सर्व्हर डाऊन आहे सर, अर्ध्या तासात मेसेज येईल, मोबाईल बंद करू नका." नमस्कार करून त्याने फोन ठेवला. तेव्हा अडीच वाजले होते.

मी त्याला ओटीपी सांगितला नाही. पिनही नाही. या एका गोष्टीवर मी निर्धास्त होतो, कारण सगळीकडे तेवढंच सांगतात, ओटीपी देऊ नका. त्याला मागायची गरजच नव्हती. त्या फाइलने माझ्या मोबाईलवर येणारे मेसेज परस्पर त्याच्याकडे वळवले होते. बँकेचे ओटीपी त्याला मिळत होते, आणि पैसे गेल्याचे मेसेज मला दिसतच नव्हते. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण त्याच एका नियमाच्या भरवशावर आहेत.

संध्याकाळी सातच्या सुमारास विजापूर रोडवर भाजी घ्यायला थांबलो. मेथीची एक जुडी आणि अर्धा किलो भेंडी, साठ रुपये झाले. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, तर खात्यात पुरेशी रक्कम नाही. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "नेटचं असंल, परत करा." परत केलं. तेच. बँकेचं ॲप उघडलं तर शिल्लक ३७ रुपये. दुपारी ६१,५३५ होते. तिथेच रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून मी व्यवहार वाचले. २४,९९९. पुन्हा २४,९९९. मग ११,५००. तिन्ही पावणेतीनच्या आत. मावशींनी मेथी पिशवीतच राहू दिली, पैसे उद्या द्या म्हणाल्या.

घरी येऊन आधी कार्ड बंद केलं, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करून. मग पत्नीच्या मोबाईलवरून १९३०. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा नंबर आहे. चार वेळा लावल्यावर लागला. तिथे खातं कोणत्या बँकेत, किती रक्कम, किती वाजता, व्यवहार क्रमांक काय, हे विचारतात. माझ्याकडे मेसेज नव्हते, म्हणून पत्नीने बँकेच्या ॲपमधून एकेक क्रमांक कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून घेतला आणि मी वाचत गेलो. तक्रारीचा क्रमांक मिळाला. पुढे सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार पूर्ण केली आणि सोमवारी सकाळी शहर सायबर पोलीस ठाण्यात कागद दिले. शेवटचे ११,५०० एका वॉलेटमध्ये पडून होते, ते गोठवले गेले. पहिले दोन आकडे तोवर पुढच्या खात्यांतून काढून घेतलेले. अडीचला फोन झाला आणि मी तक्रार केली साडेसातला. तिथल्या हवालदारांनी मला रागावून नाही, अगदी कळवळून सांगितलं, "काका, पहिल्या तासात आला असता तर." पैसे गेल्याचं मला कळलंच नव्हतं, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

बँकेत गेलो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम घालून दिला. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. कार्डाची माहिती तुम्हीच भरलीत, असं मॅनेजर म्हणाले. मी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथेही जाणार आहे.

आता तो मोबाईल. एवढं होऊनही तो कपाटात तसाच होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. मंगळवारी त्याच माणसाचा पुन्हा फोन आला, आवाज तसाच शांत. म्हणाला, "सर, आज आमचा मुलगा डबा घ्यायला येईल, तयार ठेवा." पैसे घेऊन झाल्यावर वस्तूही न्यायची होती. तो डबा मी त्याच्या हाती दिला असता तर उद्या कंपनीने मागितल्यावर काय दाखवलं असतं? पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "या. पोलीस इथेच बसलेत." कुणी आलं नाही. पण पत्ता त्याच्याकडे आहे या भीतीने आम्ही आठवडाभर दाराला आतून कडी लावून राहिलो.

कारखान्याच्या मालकांच्या ओळखीचे एक वकील जिल्हा न्यायालयात असतात, त्यांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला त्या रविवारी माहीत असायला हवं होतं. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेले पैसे किंवा वस्तू परत करावीच लागते. अमेरिकेतला नियम इथे चालत नाही. म्हणजे शेजारचा मुलगा चुकला होता आणि मी बरोबर होतो. पण चोरीची केस? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ दुसऱ्याची वस्तू बेइमानीने स्वतःची करणाऱ्याला लागू होतं. जो माणूस वस्तू आली आहे असं कळवतो, डबा न फोडता जपून ठेवतो आणि घेऊन जा म्हणतो, त्याच्या मनात बेइमानी कुठून आणणार? त्या ठगाने अर्धं खरं सांगितलं आणि उरलेल्या अर्ध्याने मला लुटलं. परत देणं माझं कर्तव्य होतं. पण त्यासाठी पाच रुपयेसुद्धा भरायचे नव्हते, २४ तासांची मुदत कुठल्याही कायद्यात नव्हती, आणि वस्तू न्यायला येणं हे त्यांचं काम होतं.

खरा रस्ता इतका साधा निघाला की आठवलं की जीव तळमळतो. ॲपमध्ये त्या ऑर्डरवर बोट ठेवून "मदत", त्यात "वेगळी वस्तू आली". डब्याचा आणि बिलाचा फोटो टाकला. भाचा शेजारी बसला होता, त्यानेच माझ्या मोबाईलमधली ती फाइलही सेटिंगमध्ये शोधून काढली होती; पडद्यावर तिचं चिन्हच दिसत नव्हतं. मग सगळा मोबाईल कोरा करून घेतला. तिसऱ्या दिवशी पिकअपचा मुलगा आला. त्याने ॲपमधला नंबर माझ्या नंबराशी जुळवला, सील तपासलं, खोक्यावरची चिठ्ठी स्कॅन केली, आणि तो दारात असतानाच "वस्तू परत मिळाली" असं माझ्या ॲपमध्ये उमटलं. एक पैसा मागितला नाही. त्याचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवला आहे.

ॲपमध्ये दाद लागली नाही तरी गूगलवर नंबर शोधू नका. ई-कॉमर्ससाठी २०२० साली आलेल्या नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तेही जमलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माझा मिक्सर त्याच अधिकाऱ्याला मेल केल्यावर नऊ दिवसांनी आला. वस्तू चुकीची आलेली दिसताच खोक्याचा, चिठ्ठीचा, बिलाचा फोटो काढा, सील तोडू नका आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की ॲपमध्ये नोंद दिसल्याशिवाय डबा कुणालाही द्यायचा नाही. आमच्याकडे दुपारी म्हातारी आई एकटी असते. तिला ते वेगळं बसवून सांगावं लागलं.

फीसाठी कारखान्यातून उचल घेतली, महिन्याला चार हजार कापले जातात. थोरली म्हणाली, "पप्पा, तुम्ही मोबाईल ठेवून घेतला असता तर मला जास्त वाईट वाटलं असतं." गोठवलेले ११,५०० न्यायालयाच्या आदेशाने मिळतील असं पोलीस सांगतात, अर्ज केला आहे. बाकीच्या ४९,९९८ ची आशा मी कुणाला दाखवत नाही.

तो खोटा नंबर मी दोनदा गूगलला कळवला, पोलिसांनाही लिहून दिला. काल रात्री त्याच शब्दांनी पुन्हा शोधून पाहिलं. वरून तिसरा, तसाच, कंपनीच्या चिन्हासकट.