सोलर कव्हर: रोलरवर गुंडाळायचं की हाताने घडी घालायची?

इंदुरात बिचोलीकडे बंगला बांधलेल्या भाच्याचा फोन आला. "मामा, स्विमिंग पूलला सोलर कव्हर घेतोय. रोलर लागतोच का? तो तर कव्हरपेक्षाही महाग सांगतायत." आमच्या घरी दोन्ही करून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कव्हर म्हणजे फुग्याफुग्यांची जाड प्लॅस्टिकची चादर. फुगे खाली, पाण्याला टेकलेले. (आम्ही पहिल्या दिवशी उलटं टाकलं होतं.) ऊन आत जातंच, पण खरं काम वाफ अडवण्याचं. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की मागचं सुमारे 580 लिटर पाणी एका अंशाने गार होतं. 8 बाय 4 मीटरच्या पूलची पातळी 5 मिलिमीटर उतरली, तर 160 लिटर पाणी गेलं. नर्मदेचं पाणी जलूदहून 70 किलोमीटर चढवून आणणाऱ्या इंदुरात हे जड जातं.

आता घडी. एवढ्या पूलचं कव्हर कोरडं असताना 15 किलोच्या आसपास भरतं, ओलं त्याहून जड. ओढायला दोन माणसं लागतात, आणि ते फरशीवरून घासत नेलं की माती-पानं सगळी परत पाण्यात. पण आमचं कव्हर मेलं ते वेगळ्याच कारणाने. एप्रिलमध्ये नीट घडी घालून कडप्प्यावर ठेवलं आणि जेवायला गेलो. पाण्यावर असताना पाणी त्याला गार ठेवतं. घडीत मात्र थरांमधली उष्णता जाणार कुठे? संध्याकाळी उलगडलं तर मधले फुगे चपटे होऊन एकमेकांना चिकटलेले. नंतर स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खाचेच्या) जाळीत निळ्या पापुद्र्यांचा चुरा यायला लागला, नखाएवढे तुकडे. दोष कव्हरचा नव्हता, आमचाच.

रोलरवर एकटा माणूस दोन-तीन मिनिटांत कव्हर काढतो. फक्त गुंडाळी उन्हात उघडी राहिली तर तिचीही गत तीच, म्हणून वर पांढरं, अपारदर्शक कापड हवंच. शिवाय पूलच्या टोकाला जागा अडते, आणि किडनीच्या आकाराच्या पूलला रोलर नीट बसत नाही.

मधला मार्ग म्हणजे कव्हरचे दोन तुकडे. 4 बाय 4 चा तुकडा एकट्याला झेपतो, सावलीत नेऊन ठेवता येतो. मला व्यक्तिशः हाच आवडतो.

इंदुरात कव्हर वर्षभर लागत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत खरं काम. मेमध्ये पाणी आधीच कोमट असतं. तेव्हा रात्री पूल उघडा ठेवला तर वाफेनेच पाणी गार होतं. पाणी वाचवायचं की गार ठेवायचं, दोन्ही एकदम साधत नाही. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने कव्हर पडूनच असणार. साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, पीव्हीसी पाइपवर गुंडाळून आत ठेवायचं. जमिनीवर नको, उंदीर कुरतडतात.

दोन गोष्टी घासाघीस न करता पाळायच्या. क्लोरीनचा जोरदार डोस दिला की क्लोरीन उतरेपर्यंत कव्हर टाकायचं नाही, प्लॅस्टिक ठिसूळ होतं. आणि पोहायच्या आधी ते पूर्ण काढायचं, अर्धं नाही. त्याच्यावर मूल पडलं तर कव्हर त्याला पेलत नाही, उलट पाण्यात गेलेलं मूल झाकतं.

भाच्याच्या पूललगत गॅरेज आहे, म्हणून मी दोन तुकडे सुचवले. हिवाळ्यात ऊन उतरायच्या आत, साडेचार-पाचला कव्हर टाकायला हवं. "कोण टाकणार?" मी विचारलं. म्हणाला, तुमची सूनबाई टाकेल.

"ती सहाला घरी येते ना रे? मग माळी एकटाच."

"माळी चारलाच जातो, मामा."

"मग तुकडेबिकडे सोड. जाता जाता तो पटकन कव्हर पसरून जाईल असा रोलरच घे."