भाकरी गरम का आली? नाशिकमधल्या एका हॉटेलाबद्दल

गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या अलीकडे, एक फॅमिली हॉटेल आहे. नाव लिहीत नाही. मालकच म्हणाले, "भाऊ, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नको. शनिवारी आधीच लोक पायरीवर बसलेले असतात."

मी हॉटेलांना क्रोकरी आणि स्टीलची भांडी पुरवतो. त्याआधी अकरा वर्षं वेटरकी केली, शेवटची तीन कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुकादम म्हणून. त्यामुळे कुठेही जेवायला गेलो तरी माझी नजर ताटाआधी पोरांच्या पायांकडे जाते. बायको वैतागते.

जेवणाचं आधी उरकतो. काळ्या मसाल्याचं मटण झकास. शेवभाजीवर तेल जरा जास्तच. सोलकढी नाशकात मागवू नये, हे मला कळायला हवं होतं. बाजरीची भाकरी फुगलेली आणि टेबलावर येईपर्यंत वाफाळती. दोघांचं बिल 740 रुपये, पाच टक्के जीएसटी धरून. सर्व्हिस चार्ज नाही.

तर भाकरी गरम का आली? निम्मं श्रेय थापणाऱ्या मावशींचं. उरलेलं निम्मं स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेल्या पांढऱ्या फळ्याचं, ज्यावर वेटरांच्या कामाची वाटणी मांडलेली असते. मालाचे नमुने दाखवायला मी दुपारी आत गेलो होतो, तेव्हा तो दिसला आणि मी तिथंच उभा राहिलो.

कुठल्या वेटरने कुठली टेबलं सांभाळायची, त्याला आमच्या धंद्यात स्टेशन म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, टेबलं भागिले माणसं, झालं वाटप. इथे सत्तावीस टेबलं आणि सहा वेटर. वर एसीत आठ, खाली हॉलमध्ये तेरा, बाहेर आंब्याखाली सहा. एसीतलं कुटुंब दीड तास बसतं, स्टार्टर मागवतं, बिल मोठं, टीप बरी. पण प्रत्येक ताट जिन्याने वर न्यायचं. हॉलमध्ये एकटा माणूस वीस मिनिटांत थाळी संपवून उठतो आणि बडीशेपेच्या वाटीत दहाचं नाणं टाकतो. आंब्याखाली संध्याकाळपर्यंत कोणी फिरकत नाही. मग सगळे एकदम येतात आणि स्वयंपाकघर तिथून सगळ्यात लांब. आता करा समान वाटणी!

इथे एसीत दोघं, चार-चार टेबलांवर. हॉलमध्ये दोघं, पाच-पाच. बागेत एक. आणि गल्ल्यासमोरची तीन टेबलं कायम सहाव्या वेटरची, मामांची. मामांचा गुडघा गेलाय, जिना चढवत नाही. मी गल्ल्यावरच्या ताईंना, म्हणजे मालकांच्या लेकीला विचारलं, "पोरं कुरकुरत नाहीत?"

"कुरकुरतात ना. पण मोठा ग्रुप आला तर तो मामांना द्यायचा नाही, हे मामांनीच सांगितलंय. मग गप्प बसतात."

बाकीची पाच पोरं पाच स्टेशनांवर रोज एक घर पुढे सरकतात. यातली गोम सांगतो. हॉटेल सोमवारी बंद, म्हणजे आठवड्याला सहा दिवस. स्टेशनं पाच. त्यामुळे आज शनिवारी जो बागेत आहे, तो पुढच्या शनिवारी आपोआप दुसरीकडे जातो. पाच आठवड्यांत प्रत्येकाच्या वाट्याला एसीतले दोन शनिवार येतात. मी ठाण्यात होतो तिथे सात स्टेशनं होती आणि सातही दिवस हॉटेल चालू. तिथेही रोज एक घर पुढे. दिसायला कसं चोख! पण सात आणि सात, त्यामुळे दर शनिवारी तोच माणूस त्याच जागी. माझ्या वाट्याला संडासाच्या दारासमोरची चार टेबलं यायची. आठ महिने. बदलून मागितलं तर कॅप्टन म्हणायचा, "अरे, नंबर फिरतोय ना?" खिडकीकडचं स्टेशन ज्यांना मिळायचं, ते रात्री त्याच्या खिशात पन्नासची नोट सरकवायचे, हे मला फार उशिरा कळलं. ताईंनी सहाला पाचने भागून हे मांडलंय की आपोआप जुळलंय, विचारलं तर नुसत्या हसल्या.

फळ्यावर प्रत्येक नावापुढे रेघा असतात. चार उभ्या, पाचवी आडवी. एक रेघ म्हणजे एक माणूस जेवायला बसला. टेबलं मोजत नाहीत, माणसं मोजतात. रविवारी संध्याकाळी मी हॉलमध्ये होतो, तेव्हा साखरपुड्याचं बोलायला अकरा जण आले. तीन टेबलं जोडली; दोन एका पोराची, एक दुसऱ्याचं. माझ्या जुन्या हॉटेलात असा ग्रुप कॅप्टन स्वतःच गिळायचा. इथे ताईंनी आत डोकावून रेघा बघितल्या आणि ज्याच्या कमी होत्या त्याच्याकडे ग्रुप दिला. ती दोन टेबलं त्याची नव्हती, तरी. दुसऱ्याने भाकऱ्या पोचवायच्या, टीप दोनास एक. आणि ग्रुपवाल्याचे पुढचे दोन नंबर उडवले, म्हणजे नवी गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडे बसवली. सगळं मिळून अर्धं मिनिट. तो मुलगा त्या अकरांकडेच होता, म्हणून एका म्हाताऱ्या बाईंनी मिरचीचा ठेचा मागितला तो दुसऱ्या क्षणी आला.

आता खटकलं ते. पंधरा दिवसांनी बुधवारी परत गेलो, वर एसीत बसलो. तेवढ्यात मालक स्वतः आले आणि ओळखीची दोन कुटुंबं आमच्याच पोराच्या टेबलांवर बसवून गेले. शेजारचा वेटर हात बांधून उभा. आमचा पोरगा एका वेळी तीन टेबलांवर धावतोय, पाण्याचा जग रिकामा आणि दुसरी भाकरी गारढोण. खाली ताई फळा सांभाळतात, वर बाबा फळा मोडतात. त्यांना हे तोंडावर बोललो. म्हणाले, "ओळखीचे असतात हो." असतात, कबूल. पण त्यांना भाकरी गरम नको असते का?

दुसरं टीपचं. रोख टीप ज्याच्या टेबलाची त्याची. गल्ल्यावरच्या क्यूआरवर दिलेली जाते मालकांच्या खात्यात; ती वहीत लिहून रात्री सहा वेटर आणि मावशींत सारखी वाटतात. मावशींना वाटा मिळतो हे मला फार आवडलं. पण हल्ली सगळे फोनच काढतात, त्यामुळे पोरं हळूच सुचवतात, "साहेब, सुट्टे असले तर बघा." हे गिऱ्हाइकाला अवघडवणारं आहे. एकतर सगळं एका डब्यात टाका, नाहीतर वहीत टेबल नंबर लिहून ज्याचं त्याला द्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. गिऱ्हाईक म्हणून मला ते पटतं. पण पोरांची वरकमाई आता सगळी टीपवरच, मग त्या वहीत घोळ चालणार नाही.

पाचपैकी चार तारे. हॉलमध्ये बसा, भाकरी तिथे सगळ्यात गरम मिळते. बागेत बसणार असाल तर सातच्या आधी जा आणि डासांचं मलम न्या. एकटे असाल तर गल्ल्यासमोर मामांच्या टेबलावर; ते न विचारता कांदा जास्त आणून देतात.