अरुंद गल्लीसाठी रीच ट्रक की व्हीएनए?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक भागात गोदाम घेताना अनेकजण इथेच अडतात. दोन्ही उंच रॅकवर माल ठेवणाऱ्या फोर्कलिफ्ट. रीच ट्रकला दोन रॅकांमध्ये साधारण २.७ ते ३ मीटर गल्ली लागते. मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा खांब) पुढे-मागे सरकतो, पण पॅलेट (माल ठेवायची फळी) घ्यायला गाडी रॅकसमोर काटकोनात वळवावीच लागते. व्हीएनए म्हणजे ‘व्हेरी नॅरो आइल’, अतिअरुंद गल्लीची गाडी. तिच्यात गाडी सरळच राहते, फोर्क डावी-उजवीकडे फिरतात, १.६ ते १.८ मीटरमध्ये भागतं.

खरी मेख फरशीत आहे. दोन चाकांत दीड मीटर अंतर आणि ३ मिलिमीटर उंचसखलपणा असेल, तर १० मीटर उंचीवर मास्ट २० मिलिमीटर कलतो. गाडी चालू असताना तो डोलतो ते वेगळंच. म्हणून व्हीएनएआधी फरशी घासून सपाट करा, आणि गाडी रेषेत राहावी म्हणून गाइड रेल किंवा जमिनीखालची वायर टाका. भाड्याच्या शेडमध्ये तुम्ही केलेला हा खर्च शेवटी जागामालकाच्या घशात जातो. रीच ट्रक त्यामानाने सोशिक.

व्हीएनए बंद पडली तर अख्खी गल्ली अडते. आणि ट्रकमधून माल उतरवायला दोन्हींसोबत साधी फोर्कलिफ्ट लागणारच.

स्वतःचं, उंच गोदाम आणि जागेची टंचाई असेल तर व्हीएनए. भाड्याची जागा, ८-९ मीटरपर्यंत रॅक, माल सारखा बदलता असेल तर रीच ट्रकच घ्या.