सीएनजी किट की पेट्रोलवरच काटकसर? सोलापुरातल्या रोजच्या वापरासाठी

पेट्रोलवरची गाडी आहे, शहरातल्या शहरात बारा-चौदाच्या वर ॲव्हरेज जात नाही आणि दर महिन्याचा आकडा टोचायला लागलाय, अशा माणसापुढे सोलापुरात दोन वाटा असतात. पंचावन्न-साठ हजार घालून सीएनजी किट बसवायचं, नाहीतर गाडी आणि इंधन तेच ठेवून टायरची हवा, ब्रेक, वेग आणि उजवा पाय यांच्याकडे नीट बघायचं. दोन्ही प्रकारच्या गाड्या माझ्या रोजच्या वापरात राहिल्यात. माझं माप म्हणजे टाकी ते टाकी (फुल ते फुल भरून मोजलेलं ॲव्हरेज) आणि खिशातून गेलेले पैसे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी हिशोब. समजा पेट्रोल 105 रुपये लिटर, सीएनजी 92 रुपये किलो. दर बदलतात, तुम्ही आजचे टाका. पेट्रोलवर 14 चं ॲव्हरेज म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. तीच गाडी गॅसवर किलोला 20 देते, म्हणजे 4 रुपये 60 पैसे. किलोमीटरमागे 2 रुपये 90 पैसे सुटले. साठ हजारांचं किट वीस-एकवीस हजार किलोमीटरला फिटतं. (गॅसवर ॲव्हरेज ‘वाढतं’ हा मात्र भ्रम आहे. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट ऊर्जा असते. इंजिन कमी खात नाही, मापच मोठं आहे.)

आता दुसरी बाजू. त्याच गाडीचं ॲव्हरेज 14 वरून साडेसोळावर आणलं तर किलोमीटर 6 रुपये 35 पैशांना पडतो. सुटले सव्वा रुपयाच्या आतच. पण त्यासाठी घातलेले पैसे दोन-तीन हजार. कोणी म्हणेल, मग गॅसची गाडीही तशीच नीट चालवा. बरोबर आहे. ती मग 23 देईल आणि किलोमीटर चार रुपयांना पडेल. तरी दोन नीट चालवलेल्या गाड्यांतला फरक 2 रुपये 35 पैशांवर येतो आणि किट फिटायला पंचवीस हजार किलोमीटर लागतात. जुळे सोलापूरहून सात रस्ता, नवी पेठ, संध्याकाळी परत, मध्ये मुलांची शाळा, असं कामाच्या दिवसाला 25 किलोमीटर धरलं तर वर्षाला आठ हजारही होत नाहीत. म्हणजे तीन वर्षं उलटून जातात, आणि तेवढ्यात सिलिंडरची पहिली हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) येऊन उभी राहते.

हाच माणूस रोज अक्कलकोट किंवा तुळजापूर करत असेल तर चित्र उलटं. दिवसाला 70-90 किलोमीटर पडले की वर्षा-सव्वा वर्षात किट फिटतं आणि पुढचा सगळा फायदाच. टॅक्सीवाल्यांनी तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. त्यांनी गॅसच घ्यावा.

किट बसवायचंच असेल तर

इंजेक्शनच्या गाडीला सिक्वेन्शियल किटच घ्या, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणारं. जुन्या पद्धतीचं, मिक्सरचं किट स्वस्त पडतं, पण पिकअप मरतो आणि ट्यूनिंग कधी जागेवर राहत नाही. बीएस-6 गाड्यांत बाहेरून किट बसवायला 2022 मध्ये परवानगी मिळाली, तरी तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं किट आहे का ते आधी कागदावर बघा, आरसीवर आरटीओची नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसलेल्या किटवर दावा अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवा.

गॅस पेटायला ठिणगी जोरकस लागते. म्हणून प्लग नवे टाकून मगच किट ट्यून करा. साध्या प्लगचं गॅप (टोकांमधलं अंतर) 0.8 मिलिमीटरच्या आसपास आणतात. इरिडियम प्लग असतील तर गॅपला हात लावू देऊ नका, टोक मोडतं. प्लग किंवा कॉइल जरा जरी थकलेलं असेल तर पेट्रोलवर गोड चालणारी गाडी गॅसवर चढाला धक्के देते. मग लोक किटला शिव्या देतात आणि फिटर इंजेक्टर बदलत बसतो.

गाडी पेट्रोलवर चालू होते आणि इंजिनचं पाणी 40 अंशांच्या पुढे तापलं की गॅसवर जाते. सोलापूरच्या उन्हात हे मिनिटभरात होतं, त्यामुळे छोट्या फेऱ्यांतही पेट्रोल फारसं जळत नाही. तरी टाकीत पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. रिकाम्या टाकीवर गॅस पळवणाऱ्यांचे पंप जातात.

60 लिटरचा लोखंडी सिलिंडर, ब्रॅकेट आणि गॅस मिळून पाऊणशे किलोच्या आसपास वजन मागच्या चाकांवर येतं. डिकी गेली हे दिसतं. मागच्या टायरची हवा आता पूर्ण लोडच्या आकड्याला भरायला हवी, हे कुणी सांगत नाही. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तो आकडा असतो. ताकद साधारण दहा टक्के कमी होते. शहरात जाणवत नाही, तुळजापूरच्या घाटात भरल्या गाडीला एक गिअर खाली यावं लागतं.

इथपर्यंत गॅसविरुद्ध माझी मोठी तक्रार नाही. पारडं फिरलं ते भरण्यावरून.

सीएनजीचा सिलिंडर 200 बारला भरतात. एवढ्या दाबाने गॅस घाईत आत शिरला की सिलिंडर तापतो. तापलेला गॅस फुगलेला असतो, म्हणून मीटर 200 दाखवतो पण आत गॅस बसतो कमी. बाहेर 42 अंश असतील तर हा फरक आणखी वाढतो. त्यात पंपावर गॅस पाइपलाइनने न येता ट्रकवरच्या सिलिंडरांतून येत असेल तर शेवटच्या गाड्यांना दाबच मिळत नाही. माझा अनुभव असा, की सकाळी लवकर सव्वाआठ किलोपर्यंत बसणारा गॅस मे महिन्यात दुपारी किलोभर तरी कमी बसतो. पैसे किलोचेच देतो, त्यामुळे फसवणूक काही नाही. पण आठवड्याची भरणी सहा दिवसांवर येते आणि रांगेत एक फेरी वाढते.

त्या रांगेत फक्त गाडी नसते. भरताना गाडीतल्या सगळ्यांना खाली उतरून बाजूला उभं राहावं लागतं. नियम योग्यच आहे, 200 बारशी खेळ नको. पण चैत्र-वैशाखातल्या दुपारी म्हातारी आई आणि झोपलेलं पोर यांना खाली उतरवून तापलेल्या काँक्रीटवर उभं करायचं, तेही ट्रक यायचाय असं ऐकत, हे ज्याला चालत असेल त्याने खुशाल गॅस घ्यावा. पेट्रोलला पाच मिनिटं लागतात आणि कोणी जागचं हलत नाही. किलोमीटरमागच्या सव्वादोन रुपयांत मला हा त्रास बसवता आला नाही. तुमच्या घराजवळचा पंप बरा असेल, रात्री उशिरा भरायची सवय असेल, तर तुमचं गणित वेगळं येईल हेही कबूल.

पेट्रोलवरचे अडीच किलोमीटर येतात कुठून

थोडे थोडे सगळीकडून. सुरुवात टायरच्या हवेपासून. इथे एक सोलापुरी घोटाळा आहे. टायरचा आकडा थंड टायरसाठी असतो, म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त पळालेली नसताना. हवेचं तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय (हवा भरताना सांगतो तो आकडा) वाढतो, रस्त्यावर पळून आणखी वाढतो. सकाळी 33 असलेला टायर दुपारी विजापूर रोडवर 37-38 दाखवतो. हवावाला म्हणतो, जास्त आहे, काढू का? आपण मान हलवतो, तो 33 वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर 29 वर असतो. चार पीएसआय कमी हवेने फार तर एखादा टक्का इंधन जातं, पण हे महिन्यामागून महिने साठत गेलं की टायर 26 वर येतो, स्टिअरिंग जड होतं आणि टायरच्या कडा झिजतात. दोन-अडीच हजारांत 12 व्होल्टचा हवेचा पंप मिळतो. दर पंधरा दिवसांनी सकाळी घरासमोर भरा, स्टेपनीसकट. सलग दहा मिनिटांहून जास्त चालवू नका, तापतो. नायट्रोजनवर पैसे घालायची गरज मला वाटत नाही. साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो.

मग ब्रेक. दहा किलोमीटर कमीत कमी ब्रेक मारत चालवा, थांबलात की प्रत्येक चाकाच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्यात. धुळीच्या रस्त्यांमुळे आपल्याकडे हे बरंच होतं. पिना साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगून पुन्हा तेच. हँडब्रेक दोन-तीन खटक्यांतच कडक होत असेल तर केबल जास्त ताणलीय आणि मागचे लायनर घासतायत. सहा-सात खटके हवेत.

जुन्या गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, आहे का, हे मुद्दाम विचारा. ‘सोलापूरच्या उन्हात गाडी तापते’ म्हणून काही गॅरेजवाले तो काढूनच टाकतात. मग इंजिन नीट तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. हिवाळ्यात सकाळी काटा पाच-सात किलोमीटरनंतरही खालीच रेंगाळत असेल तर हाच संशय घ्यायचा. गाडी खरोखर तापत असेल तर दोष रेडिएटरच्या जाळीत, पंख्यात किंवा झाकणात असतो.

एअर फिल्टर वेळेवर बदला, पण त्याने ॲव्हरेज उडी मारेल ही आशा ठेवू नका. इंजेक्शनच्या गाडीत घाण फिल्टर पिकअप खातो, पेट्रोल विशेष नाही. पंपावर मिळणारी ‘ॲव्हरेज वाढवणारी’ बाटली विसरा.

चालवण्यातलं एकच सांगतो, बाकी सगळ्यांना माहीत असतं. सिग्नल लाल दिसला की न्यूट्रल करू नका. गिअरमध्येच ठेवून पाय उचला. इंजेक्शनच्या गाडीत तेव्हा पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जळत राहतं. घाट उतरतानाही हेच, शिवाय ब्रेक तापत नाहीत. पुणे रोडला 110 ऐवजी 85 ठेवलं तर हवेचा अडथळा निम्म्याच्या जरा वर राहतो. सावळेश्वर आणि वरवड्याचे टोल, चहा, पुण्यात शिरतानाची कोंडी धरली तर उशीर अर्ध्या-पाऊण तासाचा.

एसीबद्दल मी कुणाला उपदेश करणार नाही. उन्हात उभी गाडी काचा उघडून दोन मिनिटं पळवा, गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. एवढं पुरे.

आता एक गोष्ट आपल्या हातात नाही. पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं झालंय, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. हिशोबाने निव्वळ पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमीच मिळणार. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून याची तक्रार कुणाकडे करायची! तेव्हा 2020 च्या ॲव्हरेजशी आजची तुलना करू नका. सीएनजीवाल्यांना हा घाटा नाही, ही त्यांची जमेची बाजू.

अजून ठरत नसेल तर किटचा ॲडव्हान्स देण्याआधी महिनाभर टाकी ते टाकी मोजा. पहिल्या कटऑफला, म्हणजे भरताना नळी आपोआप बंद होते तिथेच, थांबायचं, शक्यतो तोच पंप, आणि डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा बघायचा नाही, तो बहुतेक गाड्यांत थोडा चढाच असतो. त्याच महिन्यात ज्या वेळी तुम्ही खरोखर गॅस भराल त्या वेळी सीएनजी पंपावर नुसती एक चक्कर मारून या, आणि रांगेतल्या माणसाला विचारा, किती किलो बसतो. नवी गाडीच घेणार असाल तर बाहेरचं किट सोडून कंपनीचं सीएनजी मॉडेल बघा, काहींत दोन छोटे सिलिंडर खाली बसवून डिकी वाचवलेली असते. आणि किट बसवलेली जुनी गाडी घेत असाल तर इंजिन ऐकण्याआधी सिलिंडरच्या हायड्रो टेस्टची तारीख वाचा. दर तीन वर्षांनी ती लागते, आणि मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये पंपावर गॅस भरत नाहीत.