जुना हेडफोन गेला, आता एम ४० एक्स घ्यावा का एच डी २५?

माझा जुना क्लोज्ड-बॅक, म्हणजे पाठ बंद असलेला, हेडफोन सात वर्षं चालला आणि शेवटी गेला तो आवाजानं नाही, गाद्यांनी गेला. आतले स्पीकर अजून ठणठणीत आहेत, वायरला दोनदा डाग देऊन घेतलाय तोही टिकून आहे, पण कानावरच्या गाद्यांचे काळे पोपडे असे सुटायलेत की हेडफोन डोक्यावरून काढला की कानाच्या पाळीवर, मानेवर, कॉलरवर सगळीकडं काळं. नवा घ्यायचा म्हणून दोन महिने घातले, ओळखीतल्यांकडून दोन हेडफोन मागून आणून आठवडाभर तरी एकेक वापरला आणि मग एक घेतला. कुणी ह्याच पेचात असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी माझं काम सांगतो, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मी परभणीत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गंगाखेडकडच्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतो. गंगाखेड म्हणजे जनाबाईंचं गाव, तिकडं जातं आणि ओवी ह्या दोन गोष्टी कुणी वेगळ्या काढतच नाही, पण आता पिठाच्या गिरण्या वाड्यावस्तीवर पोचल्यात आणि आमच्या नात्यागोत्यात अजून ओव्या पाठ असलेल्या बाया बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात. हातात मावणारा रेकॉर्डर, एक माईक, पाण्याची बाटली आणि हेडफोन, एवढं पाठीवरच्या बॅगेत घालून एसटीनं जायचं. क्लोज्ड-बॅकच लागतो, कारण माईक जवळ असतो आणि उघड्या पाठीच्या हेडफोनमधून आवाज बाहेर सांडला की तोच परत माईकमध्ये शिरतो, जरा मोठा केला की शिट्टी मारतो. शिवाय समोरची बाई गात असताना मला तिचा थेट आवाज नको असतो, माईकमध्ये नेमकं काय चाललंय ते ऐकायचं असतं.

आता मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी थोरली आत्या, वय पंच्याहत्तरच्या पुढं, अर्धा तास गायली आणि मग म्हणाली मला ऐकू दे. मी हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवला, ती दोन्ही हातानं कानाशी धरून डोळे मिटून ऐकायली, "ह्यो माझाच आवाज हाय का रं?" असं दोनदा विचारलं. काढला तेव्हा तिच्या पांढऱ्या केसांत, पदराच्या काठावर काळे पोपडे. ती पदर झटकायली, म्हणाली, "काय गळायलंय रं बाबा ह्यातून?" मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं की पुढचा हेडफोन घेताना आवाज-बिवाज नंतर, आधी गादीचं बघायचं.

हे पोपडे का सुटतात ते थोडक्यात सांगतो. गादीवरचं लेदर म्हणजे बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतला ओलावा आणि घाम ह्यांनी त्या थरातले बंध हळूहळू तुटतात, उष्णता असली की ते काम अजून लवकर होतं, आणि केसाचं तेल लागत राहिलं की भरीला भर. म्हणजे नुसता कपाटात ठेवला तरी काही वर्षांनी सुटणारच. आमच्याकडं मे महिन्यात ४२-४३ अंश, लाईट गेलेली, पंखा बंद, कानाभोवती घामाची धार, तिथं हे थर किती टिकणार? त्यामुळे कुठल्या एका कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, त्या जातीचं लेदरच असं असतं.

तर शेवटी दोन नावं उरली, ऑडिओ-टेक्निकाचा एम ४० एक्स आणि सेनहायझरचा एच डी २५. मध्ये सोनीचा एमडीआर ७५०६ पण डोक्यात होता, १९९१ पासून चालत आलेला हेडफोन आहे, रेकॉर्डिंगवाल्यांच्या गळ्यात हमखास दिसतो, घडीही होते, पण त्याची गुंडाळीची वायर हेडफोनलाच जोडलेली आहे, काढता येत नाही. दोनदा डाग देऊन झाल्यावर मला परत तसली वायर नको होती, म्हणून तो सोडला. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० पण चांगला म्हणतात, मात्र तो वेगवेगळ्या ओहममध्ये (विजेच्या अडथळ्याचं माप) येतो आणि २५० ओहमवाला छोट्या रेकॉर्डरवर पुरेसा मोठा वाजत नाही, आणि आकारानं बॅगेत घालून हिंडायचा तो नाहीच.

ब्लूटूथवाल्यांबद्दल एवढंच की तुमचं ऐकणं फोनवर आणि प्रवासात असेल तर नॉईज कॅन्सलिंगसारखं सुख नाही. तपोवन एक्स्प्रेसमध्ये जालन्यापर्यंत भावाचा लावून बघितला, गाडीची घरघर जवळजवळ गेली. पण माझ्या रेकॉर्डरला ब्लूटूथ नाही, आणि असतं तरी आवाज उशिरा येतो, ते ह्या कामाला चालत नाही.

एम ४० एक्स मी एका मित्राचा आणला होता. कान पूर्ण आत बसतात, वजन २४० ग्रॅम, कानावरचे कप वळतात आणि घडी होते. आवाज मोकळा, भरीव, कुठंही टोचत नाही. घरी बसून तीन-तीन तास रेकॉर्डिंगची कापाकापी करायची असेल तर मला तरी हाच बरा वाटला, खरं सांगतो. आणि दोघांत हा सहसा स्वस्त पडतो. वायर निघते, पण सोबत दोन वायरी येतात त्या दोन्ही लांब, सरळवाली तर ३ मीटर आहे, ती ओसरीवर माझ्या पायात आणि जात्याच्या खुंट्यात येते. छोटी वायर वेगळी घ्यावी लागते आणि तिची पिन हेडफोनच्या बाजूला बारीक, फिरवून लॉक होणारी, त्यामुळे परभणीच्या मोबाईल दुकानात मिळणारी साधी ऑक्स वायर त्यात जात नाही. अर्थात हे एच डी २५ ला पण लागू आहे, त्याची पिन तर अजूनच वेगळी, दोन काड्यांची. म्हणजे वायरीच्या बाबतीत दोघं सारखेच म्हणा.

फरक पडला तो उन्हात. कान पूर्ण झाकणारी गादी म्हणजे कानाभोवती सगळीकडून लेदर, आत हवा नाही. ओसरीवर दुपारी वीस मिनिटं झाली की मला काढून पुसावा लागायचा, आणि पुसताना जुन्या हेडफोनची आठवण यायची की हा घाम आता त्या थरात मुरायलाय. गाद्या ह्याच्याही बदलता येतात, बाहेरच्या कंपन्यांच्या कापडी मिळतात, पण प्रत्येक गादीनं आवाज थोडा बदलतो आणि कुठली घेतली की काय होईल हे घेतल्याशिवाय कळत नाही.

एच डी २५ एका साऊंडवाल्याकडून आणला, मंडपात, हरिनाम सप्ताहात तो वापरतो. हा हेडफोन १९८८ चा आहे, डीजे आणि टीव्हीचे साऊंडवाले इतकी वर्षं तोच वापरायलेत. पहिल्यांदा हातात घेतला तर खेळण्यातला वाटला, वायर सोडून १४० ग्रॅम, सगळं साधं प्लास्टिक. हा कानाभोवती नाही, कानावर बसतो. आणि घट्ट बसतो, त्या घट्टपणामुळंच एवढ्याशा गादीनं बाहेरचा आवाज अडतो. पट्टा वरून दोन भागांत उघडतो, तो फाकवला की पकड वाढते. एक बाजू मागं वळवता येते, ह्याचा मला फार फायदा झाला, एका कानानं माईक आणि एका कानानं आत्या काय सांगायलीय ते, सारखं काढ-घाल नाही. कप एम ४० एक्सचे पण वळतात, पण डोक्यावरून न हलता हे काम ह्यात जास्त सहज होतं.

आवाजाचं म्हणाल तर माझ्या कानाला एच डी २५ मध्ये गळा पुढं येतो. आत्या गाताना हातातल्या बांगड्या जात्याच्या खुंट्याला लागतात, तो बारीक खण् आणि खाली दगडाची घरघर, त्यात ओवीचा शेवटचा शब्द ती जवळजवळ गिळते. तो शब्द मला ह्यात नीट लागला. एम ४० एक्समध्ये घरघर जास्त सुंदर ऐकू येते, पण शब्द तिच्यात जरा मिसळतो. हे माझ्या कानाचं, मोजमाप काही केलेलं नाही.

पण मुख्य गोष्ट गादीची. एच डी २५ ची गादी एवढीशी, त्वचेला लागणारी जागाच कमी, कानामागं हवा लागत राहते. आणि तिला मखमली गादी मिळते, प्लस नावाच्या मॉडेलमध्ये तर ती डब्यातच जादा येते. मखमलीला वरचा थरच नाही, मग पोपडे सुटायचे कुठून? घाम पितो तो कपडा, रात्री काढून साबणाच्या पाण्यातून हलकेच काढायची, सकाळी वाळते. बदलायला दोन मिनिटं. लेदरच्या मानानं मखमलीनं बेस थोडा कमी होतो आणि बाहेरचं जरा जास्त ऐकू येतं, ते मान्य करून घ्यायचं. बाकी वायर, पट्टा, गादी, कप, सगळे भाग सुटे मिळतात, म्हणजे सात वर्षांनी गादीपायी अख्खा हेडफोन टाकायची वेळ येत नाही. माझ्या दृष्टीनं तिथंच निकाल लागला आणि मी एच डी २५ घेतला.

दुखतो का? पहिले दहा-बारा दिवस दुखला. तास झाला की कानाची वरची कडा हुळहुळायची. रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायला लागलो तसा सैल पडला, आता दीड तास जातो, पण तीन तास नाही जात. त्यात चष्मा असेल तर विचार करूनच घ्या, चष्म्याची दांडी आणि कान दोन्ही एकाच गादीखाली दाबले जातात, माझ्या बायकोनं दहा मिनिटांत काढून ठेवला. तुमचं जास्त काम घरात बसून असेल, एसी किंवा कूलर असेल, चष्मा असेल, तर डोळे झाकून एम ४० एक्स घ्या, पैसे पण वाचतील, त्यात काही कमीपणा नाही. बाहेर हिंडायचं असेल, उन्हात बसायचं असेल आणि हेडफोन चार लोकांच्या डोक्यावर जाणार असेल तर माझं मन एच डी २५ कडं झुकतं.

घेताना एक बघा. एच डी २५ मध्ये लाईट म्हणून एक मॉडेल आहे, स्वस्त दिसतं म्हणून तेच मागवलं जातं, पण त्यात दोन भागांत उघडणारा पट्टा नाही आणि कप मागं वळत नाही, म्हणजे ज्यासाठी घ्यायचा तेच नाही. आणि बऱ्याच नवीन फोनला हेडफोनचं भोक नसतं, टाईप-सीचा छोटा तुकडा सोबतच मागवा. मखमली गाद्यांचा अजून एक जोड घेऊन ठेवा, मी एक रेकॉर्डरच्या पाकिटात ठेवलाय, दुसऱ्या कुणाला ऐकायला द्यायच्या आधी बदलतो. नागपंचमीला आत्याकडं गेलो होतो तेव्हा तिला धुतलेली गादी लावून दिला, तिनं पूर्ण ओवी ऐकली आणि काढल्यावर आधी पदराकडं बघितलं.